'वी नीड टू टॉक अबाउट केविन' : पाळण्यातले पाय कुणी पाहिले?

ताम्हण

'सध्या काय वाचताय'च्या धाग्यावर या कादंबरीवरून जुंपली आणि तिथल्या बाकीच्यांची पंचाईत व्हायला लागली, म्हणून हा वेगळा धागा. शेवटासकट सगळं उघड बोलणार आहोत. न वाचलेल्यांनी इथूनच मागे फिरावं.

आधी सांगाडा. लायनेल श्रायव्हर, २००३. २००५ चा ऑरेंज पुरस्कार. सगळी कादंबरी म्हणजे ईव्हा खाचादूरियनने नवऱ्याला, फ्रँकलिनला लिहिलेली पत्रं. पहिलं पत्र ८ नोव्हेंबर २००० चं, म्हणजे अमेरिकी अध्यक्षपदाच्या बुश-गोर मतदानाच्या दुसऱ्या दिवशीचं. शेवटचं ८ एप्रिल २००१ चं. आणि ज्या दिवसाभोवती सगळं फिरतं तो गुरुवार ८ एप्रिल १९९९. सोळा पूर्ण व्हायला तीन दिवस उरले असताना केविनने शाळेच्या जिममध्ये धनुष्याने नऊ जण मारले : सात विद्यार्थी, इंग्रजीची शिक्षिका आणि कँटीनचा एक कर्मचारी. घरी बाप आणि धाकटी बहीण सीलिया. म्हणजे पत्रं ज्याला लिहिली जातायत तो पहिल्या पानापासून मेलेला आहे, आणि हे आपल्याला शेवटाकडे कळतं.

वाद कशावर आहे ते सरळ मांडते. ईव्हा म्हणते, पोरगं जन्मल्यापासून तसंच होतं. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात ना, तेच तिचं म्हणणं. पण ते पाय पाहिले कुणी? एकट्या तिने. मग मानायचं की नाही?

अवकाळी

नाही मानायचं. बाळाने आपल्याला सतवायचं ठरवूनच दूध नाकारलं, असं जिला वाटतं ती साक्षीदार म्हणून पहिल्याच फेरीत बाद.

शिवाय भाषा. पहिली शंभर पानं म्हणजे शब्दकोश उघडून बसल्यासारखी. नवऱ्याला पत्र लिहिताना इतकं पॉलिश कोण करतं? पुस्तक कैक प्रकाशकांनी परत पाठवलं होतं म्हणतात, त्यात मला नवल वाटत नाही.

पागोळी

भाषेबद्दल तीव्र असहमती. ती बाई पोटासाठी प्रवासाची गाईडबुकं काढत होती, कमी पैशात फिरणाऱ्यांसाठी. 'कुठे राहा, कुठे खाऊ नका' असा निकाल एका ओळीत लावणं हा तिचा धंदाच. बाळंतपण, उपनगर, नवऱ्याची रिपब्लिकन देशभक्ती, सगळ्यांवर ती तसाच शेरा मारून मोकळी होते. तो नखरा ईव्हाचा आहे, लेखिकेचा नाही. केविनलाही नेमकी हीच जीभ मिळाली आहे. तुरुंगातल्या भेटींचे संवाद ओळीने वाचा, दोघांची वाक्यं अदलाबदल केली तरी चालतील. आडातलंच पोहऱ्यात आलंय.

ज्यांना सुरुवात जड जातेय त्यांनी पहिल्या भेटीपर्यंत, म्हणजे ती क्लॅव्हरॅकच्या बालसुधारगृहात जाते तिथपर्यंत नेट लावावा. तिथून पुस्तक पळतं.

खडूफळा

'मानायचं की नाही' असा एकच प्रश्न विचारला तर हा धागा दोनशे प्रतिसादांपर्यंत जाईल आणि हाती काही लागणार नाही. मुलांच्या वर्तनसमस्या तपासताना जे करतात तेच इथे करावं. कागदावर तीन रकाने पाडा. पहिल्यात, डोळ्यांनी काय दिसलं. दुसऱ्यात, तिथे हजर कोण होतं. तिसऱ्यात, ईव्हाने त्यावरून काय ठरवलं. मोठे प्रसंग भरून पाहू.

नकाशे. ईव्हाने आपल्या खोलीच्या भिंती जगभरच्या नकाशांनी मढवल्या. मढवताना पोराला समजावलं की आपली खोली खास असली पाहिजे. ती पाठ वळवून गेली, परत आली तर याने पिचकारीत शाई भरून सगळ्या भिंती रंगवलेल्या. दिसलं ते पक्कं, वादच नाही. तिसरा रकाना : 'मला दुखवायला केलं.' पण पोर काय म्हणालं? मीही खास केलं. चार वर्षांच्या आसपासच्या मुलाच्या तोंडी हे वाक्य कुचकं असू शकतं आणि अगदी निरागसही. श्रायव्हरने दोन्ही दारं उघडी ठेवली आहेत. ईव्हा एकच बघते.

व्हायोलेटा. बालवाडीतली इसबाने बेजार झालेली मुलगी. बाथरूममध्ये अंगभर ओरबाडून रक्तबंबाळ सापडते, शेजारी केविन. नेमकं काय घडलं ते कुणीच पाहिलेलं नाही. दुसरा रकाना रिकामा.

सीलियाचा डोळा. सिंक तुंबल्यावर ओततात ते जहाल द्रावण. आईबाप बाहेर, घरी केविन आणि सीलिया. अँब्युलन्स त्यानेच बोलावली. ती बाटली आदल्या वेळी ईव्हानेच वापरली होती, आणि जागेवर ठेवली की नाही याची तिची स्वतःचीच खात्री डळमळते. फ्रँकलिन तिलाच दोष देतो. हाही रकाना रिकामा.

हात. पोरगं सहा वर्षांचं, अजून डायपरमध्ये. नुकताच बदललेला डायपर त्याने पुन्हा भरवला. तिने उचलून फेकलं, टेबलाच्या कडेवर आपटून हाताचं हाड मोडलं. इथे हजर दोघंच, आणि गुन्हा कुणाचा याबद्दल शंका नाही. तिचा.

गंमत बघा, ज्या प्रसंगाला पुरावा सर्वांत भक्कम त्यात आरोपी आई आहे. आणि हे ती स्वतःच लिहिते. म्हणून तिला खोटारडी म्हणता येत नाही. ती तिसरा रकाना पहिल्यात लिहिते, एवढंच.

बोरकूट

खडूफळा, रकाने आवडले, पण तुम्ही सोयीचे प्रसंग निवडलेत. हाताच्याच प्रसंगात पुढे काय होतं? बापाला पोरगं सांगतं, मी टेबलावरून पडलो. आईला वाचवतं? छे. त्या दिवसापासून ती त्याच्या मुठीत. सहा वर्षांचं मूल एवढा हिशोब करतंय हेच तर ती सांगतेय.

शिवाय लीची विसरलात. सीलियाच्या डोळ्याची चर्चा चाललेल्या टेबलावर बसून तो लीची सोलतो, सावकाश, साल काढून तो पांढरा बुळबुळीत गोळा तोंडात घालतो. त्या टेबलावर फ्रँकलिनही होता. दुसरा रकाना भरलेला आहे. बघायचंच नाही असं बापाने ठरवलं असेल तर आईने काय करावं?

आणि नाट्यशिक्षिकेचं प्रकरण. केविनने तिच्यावर लैंगिक छळाचा आरोप केला तेव्हा पोटच्या पोरावर अविश्वास दाखवणारी ईव्हा एकटी. शेवट माहीत असलेल्या कुणाला ती चुकली असं वाटतं?

अवकाळी

शेवट माहीत असलेल्या कुणाला. तिथेच तर मेख आहे बोरकूट. पत्रं गुरुवारनंतर लिहिली आहेत. अकरा खून झाल्यावर पाळण्याकडे वळून पाहिलं की प्रत्येक रडण्यात खुनी दिसणारच.

खडूफळा

अवकाळींना या एका मुद्द्यावर पूर्ण अनुमोदन. बोरकूट, लीची मान्य, ती नोंद मी टाळली होती.

आता निदानाबद्दल, कारण मागच्या धाग्यावर 'सायकोपॅथ' हा शब्द चुरमुऱ्यासारखा उधळला गेला. पंधरा वर्षांच्या मुलाला तो शब्द लावत नाहीत. वर्तनविकाराचं निदान होतं : पंधरा लक्षणांच्या यादीतली किमान तीन गेल्या बारा महिन्यांत, त्यांतलं किमान एक गेल्या सहा महिन्यांत. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये (अमेरिकेतली मानसिक विकारांच्या निदानाची पुस्तिका) त्यात एक उपप्रकार जोडला गेला : पश्चात्ताप नसणं, दुसऱ्याच्या दुःखाने न हलणं, अभ्यास-कामातल्या यशापयशाची पर्वा नसणं, भावना उथळ असणं. चारपैकी दोन, किमान बारा महिने, आणि एकाहून जास्त नात्यांत व ठिकाणी. शेवटची अट महत्त्वाची. माहिती आई, वडील, शिक्षक, शेजारी अशा अनेकांकडून घ्यायची, कारण एकाच माणसाचं म्हणणं घेतलं की मुलाचं चित्र न उमटता त्या नात्याचं चित्र उमटतं. ही कादंबरी तशी आहे. चारशे पानांची एकाच पालकाने भरलेली प्रश्नावली.

दुसरी गोष्ट, ईव्हाची. वय ३७, मूल छातीवर ठेवल्यावर काहीच वाटलं नाही, दूध नाकारलं गेलं, मग स्तनदाह. आज प्रसूतीनंतर एडिंबरा प्रश्नावली देतात : १० प्रश्न, ० ते ३० गुण, साधारण १३ किंवा जास्त आले तर नैराश्याची नीट तपासणी करायची, आणि दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याचा, त्याचं उत्तर शून्य नसेल तर बेरीज न बघता लगेच. ही पद्धत १९८७ ची. केविन १९८३ चा. ईव्हाला कुणी काहीच विचारलं नाही. 'आई झालीस, आनंदी अस' एवढंच.

बोरकूट

म्हणजे फिरून आईच्याच गळ्यात. बालरोगतज्ज्ञाने मूल ठीक म्हणून सांगितलं, आया नोकरी सोडून गेली, आणि तरी प्रश्नावली ईव्हाची भरायची!

खडूफळा

गळ्यात नाही हो. नैराश्य म्हणजे दोष नव्हे. आणि 'मूल अवघड' व 'आई खचलेली' यांतलं एकच खरं असायला हवं असं कुठे आहे? न्यूयॉर्कमध्येच १९५६ पासून चाललेला थॉमस आणि चेस यांचा दीर्घ अभ्यास आहे. त्यात साधारण दहा टक्के बाळं जन्मापासून अवघड स्वभावाची निघाली : झोपेला-भुकेला ताळ नाही, नवं काही नको, रडणं टिपेचं. पण पुढे काय होतं ते ठरतं मूल आणि घर यांच्या मेळावर. इथे मेळ जेवढा बिघडवता येईल तेवढा बिघडवलाय. न्यूयॉर्क शहरातल्या ट्रायबेकातला लॉफ्ट सोडून, ती आफ्रिकेत असताना, नवऱ्याने तिला न दाखवता उपनगरात घर घेतलं. तिचा धंदा मागे पडला. आणि त्या घरात ती नि ते पोर दिवसभर समोरासमोर.

ताम्हण

फ्रँकलिनवर कुणीच बोलत नाहीये. मला तर सगळ्यात राग त्याचा येतो.

अवकाळी

मला एकटा तोच आवडतो. पोराला चेंडू खेळायला नेतो, गोड बोलतो. अजून काय करावं बापाने?

खडूफळा

दोघांनी मिळून एक नियम पाळावा. तेवढंच त्यांच्याकडून होत नाही.

ही गाठ कशी बसते ते डायपरवरूनच पाहा. ओरेगनच्या जेराल्ड पॅटरसनने कुटुंबांचं बारकाईने निरीक्षण करून हे चक्र मांडलं. आई सांगते, संडासात जा. मूल अडून बसतं. आई आवाज चढवते, मूल त्याहून चढवतं. मग आई सोडून देते. भांडण थांबलं, म्हणून आईला सुटल्यासारखं वाटतं. मुलाला कळतं की अडून बसलं की सुटका होते. दोघांनाही बक्षीस मिळालं आणि पुढच्या वेळी दोघंही आणखी वरच्या पट्टीत सुरुवात करतात. त्यात तिसरा माणूस संध्याकाळी घरी येऊन 'अगं, लहान आहे तो' म्हणाला की आईचा नियम दिवसभर टिकला तरी रात्री मोडतो. फ्रँकलिन पोराला पाठीशी घालतो असं नाही, तो आईला रोज उघडं पाडतो. केविनने बापासमोर वेगळा चेहरा घालायला शिकणं हे त्या घरातलं शहाणपणच होतं.

या वयाला पालक-बालक संवाद उपचार देतात, साधारण २ ते ७ वर्षं. पहिला टप्पा : रोज घरी पाच मिनिटं, खेळ मुलाने निवडायचा. त्या पाच मिनिटांत हुकूम नाही, प्रश्न नाही, टीका नाही. मूल करेल त्याचं वर्णन करायचं, बोलेल ते पुन्हा म्हणायचं, नेमकं कौतुक करायचं ('शाब्बास' नव्हे, 'ठोकळा अलगद ठेवलास, छान'). पालक पाच मिनिटांत दहा नेमकी कौतुकं, दहा वर्णनं, दहा पुनरुच्चार करतो आणि हुकूम-प्रश्न-टीका मिळून तीनच्या आत ठेवतो, तेव्हा पुढचा टप्पा. मग आज्ञा : एका वेळी एक, 'हे करू नको' ऐवजी 'हे कर', नंतर पाच सेकंद गप्प. आणि परिणाम दर वेळी तोच, कुणीही घरात असलं तरी.

चुकतं कुठे? पहिला टप्पा लोकांना लाडावणं वाटतो, म्हणून तो गाळून थेट शिस्तीवर येतात. भावना उथळ असलेल्या मुलांत हे फार महागात पडतं, कारण त्यांच्यावर शिक्षेचा असर कमी आणि कौतुकाचा तुलनेने जास्त होतो.

ईव्हाचं एकदा नकळत जमलं होतं. दहा वर्षांचा असताना केविन तापाने फणफणतो, बापाला दूर सारतो आणि आईला चिकटतो. ती त्याला रॉबिन हूड वाचून दाखवते. तिथे हुकूम नाही, टीका नाही, दोघं एका पांघरुणाजवळ. बरा झाल्यावर भिंत परत उभी. पण धनुष्याचं वेड तिथलंच.

बोरकूट

हे मात्र अंगावर येतं. आईने त्याला दिलेली एकमेव गोष्ट त्याने कशी वापरली.

सातबारा

कायद्याच्या अंगाने दोन मुद्दे, कारण 'तीन दिवस' हा तपशील बरेच जण योगायोग म्हणून सोडून देतात. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सोळाव्या वर्षापासून आरोपीला सरळ प्रौढ धरत. ही मर्यादा वाढवणारा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २०१८-१९ मध्ये टप्प्याटप्प्याने लागू झाला. केविनने तारीख कॅलेंडर बघून निवडली आहे.

पण इथेच कादंबरीचा सांधा खिळखिळा आहे. १९७८ पासून त्या राज्यात खुनासाठी तेरा वर्षांवरच्या मुलालाही प्रौढ न्यायालयात उभं करता येतं, आणि कमाल शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. अकरा खुनांना सात वर्षं हे जरा कथेच्या सोयीचं झालं. लेखिकेने प्रोझॅकचा बचाव घातला आहे, नैराश्यावरच्या या औषधामुळे डोकं फिरलं असा. तो पुरेसा वाटत नाही. (मुलांमधल्या आत्मघाती विचारांबद्दलचा ठळक इशारा अमेरिकेत या गटातल्या औषधांवर २००४ मध्ये आला, म्हणजे कादंबरीनंतर. त्या बाबतीत श्रायव्हरचं नाक तिखट.)

कुणी विचारण्याआधी : आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्यात सोळा ते अठरामधल्या मुलाने घृणास्पद गुन्हा केला तर बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यमापन करून प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं. वय बघायचं ते गुन्ह्याच्या तारखेचं. सोळाच्या आतला मुलगा मंडळाकडेच राहतो, विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षं. तीन दिवसांचा हिशोब इथेही तंतोतंत लागला असता.

चित्रकथी

सिनेमावाल्यांनी जरा जपून बोलावं. लिन रॅमसेचा २०११ चा चित्रपट याच गोष्टीचा असला तरी प्रश्न वेगळा विचारतो. पत्रंच काढून टाकली, त्यामुळे 'कोण सांगतंय' हा मुद्दा शब्दांतून निघून रंगात गेला. सुरुवातीलाच स्पेनमधली टोमॅटोची जत्रा, ईव्हा लाल चिखलात न्हालेली, आणि पुढे घराच्या दारावर फेकलेला लाल रंग ती सिनेमाभर खरवडत बसते. आपण जे पाहतो ते तिच्या डोक्यातलं आहे हे कॅमेराच सांगतो. पण अडचण अशी की पडद्यावर पोरगं डोळे रोखून बघताना प्रत्यक्ष दिसतं. एकदा दिसलं की खडूफळांचा तिसरा रकाना आपोआप पहिल्यात गेला. सिनेमा आधी पाहून कादंबरी वाचणारे बहुतेक बोरकूटांच्या बाजूला उभे राहतात ते यामुळे.

टिल्डा स्विंटनबद्दल मात्र नो कमेंट्स, फक्त नमस्कार.

पागोळी

माझा प्रश्न भाषेचाच. हे मराठीत आणायचं झालं तर?

शीर्षक पहिला अडथळा. 'केविनविषयी बोलायला हवं' हे फार सौम्य. मूळ वाक्य नवराबायकोत अप्रिय विषय काढण्याआधीचं आहे, आणि ते दोघं शेवटपर्यंत बोलत नाहीत ही त्यातली गोम. 'केविनचं काय करायचं?' म्हटलं तर नेमकं उलटं होतं, त्यात निर्णय येतो, बोलणं राहतं. मी 'केविनबद्दल बोलायचंय' इथपर्यंत आले आहे.

दुसरं, बोलायला उशिरा लागलेलं पोर आईचं बोलणं 'न्ये-न्ये-न्ये' असं उडवून लावतं. आपल्याकडे वेडावून दाखवताना ओठ वाकडे करून 'ञ्यँ ञ्यँ ञ्यँ' करतात, ते चपखल बसेल. तिसरं, तुरुंगात तो तिला 'मम्सी' म्हणतो. लाडाचा शब्द, पण विष लावलेला. 'आईसाहेब' नाटकी होतं. 'मम्मा' गुळमट.

बोरकूट

'मातोश्री'. नीट लाडही नाही आणि धड आदरही नाही.

पागोळी

अगं, हे कसं सुचलं नाही! घेतलं.

अवकाळी

मातोश्रीला +१. आता एक कबुली देतो. वरचे रकाने घेऊन टीव्ही मुलाखतीचा भाग परत वाचला. मुलाखत घेणारा आईला दोष द्यायला लागतो तेव्हा केविन त्याला तोडतो, आणि त्याच्या कोठडीत ईव्हाचा फोटो लावलेला दिसतो. या प्रसंगाला साक्षीदार कॅमेरा आहे, ईव्हा नाही. तिला तर धक्काच बसतो. म्हणजे तिच्या विरोधात जाणारा हा पुरावाही तिने प्रामाणिकपणे पत्रात घातलाय. पहिल्या फेरीत बाद केलं होतं, ते मागे घेतो. भाषेबद्दलचं मत कायम.

बोरकूट

तिच्या विरोधात कसा? मला तो तिच्या बाजूचा वाटतो. सगळ्यांना मारून तिला जिवंत का ठेवलं, तर खेळ दाखवणारा प्रेक्षकाला मारत नाही, असं तो म्हणतोच की. हे प्रेम आहे की शिक्षा?

खडूफळा

शेवटच्या भेटीचं पान काढा. त्याला अठरा होतायत, आता मोठ्यांच्या तुरुंगात, सिंग सिंगला जाणार, पहिल्यांदाच घाबरलेला. ती विचारते, का केलंस. तो म्हणतो, आधी वाटायचं माहीत आहे, आता खात्री नाही. पहिला रकाना : एवढंच वाक्य. दुसरा : ईव्हा. तिसरा तिने इथे पहिल्यांदा कोरा सोडलाय.

बोरकूट

कोरा कुठे? घरी त्याच्यासाठी खोली तयार ठेवलीय, शेल्फवर रॉबिन हूडसकट. बघा, शेवटचाच परिच्छेद आहे.